क्लोरीनची खोली

तो व्हिडिओ आमोदखेड्यात आणला सरपंचबाईंच्या नवऱ्यानेच. हेमकांत नंदुरबारला एका पतपेढीत कारकून होता. जेवणाच्या सुट्टीत फोन बघायचा आणि दिसेल ते गावाच्या ग्रुपवर ढकलायचं, हा त्याचा रोजचा विरंगुळा. त्या दुपारी त्याने जे ढकललं त्यात एका दवाखान्याच्या फरशीवर मुलं निजवलेली होती. कुणी तरी नळीने त्यांच्या अंगावर पाणी मारत होतं. एका पोराच्या तोंडाला फेस आला होता आणि त्याचा हात अधूनमधून झटका बसल्यासारखा उडत होता. खाली मजकूर होता की सुदानच्या यादवीत सैन्याने आपल्याच लोकांवर विषारी वायू सोडला, जग गप्प आहे, माणुसकी असेल तर पुढे पाठवा.

ममताने तो संध्याकाळी पाहिला. कुकर लावून ती ओट्याशी उभी होती. शेवटपर्यंत पाहवला नाही. फोन उपडा ठेवून ती भाजी चिरायला बसली.

हेमकांत घरी आला तेव्हा ती म्हणाली, “हाई कसाले टाकं तुम्ही ग्रुपवर? पोऱ्हे बी देखतस.”

“पेपरमा बी उनं शे,” तो बूट काढत म्हणाला. “अमेरिका म्हणस, तठला सरकारनी गॅस वापरा. सरकार म्हणस, आम्ही नही वापरा. क्लोरीन व्हता म्हणे.”

“मंग खरं काय?”

“ते कोनले म्हाईत.”

तो हातपाय धुवायला गेला. ममतालाही पुढे विचारावंसं वाटलं नाही. सकाळपासून ती गटारीच्या उतारावरून दोन घरांचं भांडण मिटवत होती, आणि दुपारी जेसीबीवाल्याने रस्ता उकरताना नळाची लाइन फोडली होती. सरपंचपदाचं चौथं वर्ष चालू होतं. आताशा कोणत्याही गोष्टीचा राग यायच्या आधीच तिला थकवा यायचा.

दुसऱ्या दिवशी गावात दुसरा विषय नव्हता. चहाच्या टपरीवर एकाने सांगितलं की अमेरिकेचं काही खरं नसतं, तिने इराकवरही असाच आळ घेतला होता. दुसऱ्याने त्या लोकांचा धर्म काढला. निवृत्त झालेल्या गुरुजींनी चष्मा वर सरकवून सांगितलं की व्हिडिओ सुदानचा नाहीच, सीरियातला आहे, फार वर्षांपूर्वीचा. त्यावर कुणी म्हणालं, मग तिथलं तरी खरं होतं का? गुरुजी म्हणाले, त्याचीही चौकशी झाली होती, एका बाजूने मानली, दुसरीने नाही. एवढ्यावर टपरीवरचं बोलणं कापसाच्या बियाण्याकडे वळलं.

नवनीतला मात्र ते मनातून काढता येईना. तो तिशीतला, चौकात बी-बियाणं आणि औषधं विकायचा. गेल्या निवडणुकीत ममताच्या विरोधात त्याची आई उभी होती आणि थोडक्यात पडली होती, त्यामुळे तो जे करी ते लोक राजकारणातच मोजत. पण त्याला चार वर्षांची काजल नावाची मुलगी होती आणि व्हिडिओतलं फेस आलेलं पोर साधारण तिच्याएवढंच होतं. त्याने चौकात मेणबत्त्या लावायचं ठरवलं. बरीच माणसं जमली. वारा सुटल्यामुळे मेणबत्त्या टिकेनात, तेव्हा पोरांनी फोनचे दिवे लावले. नवनीत बोलायला उभा राहिला आणि दोन वाक्यांतच रडू लागला. ममताही गेली होती. त्याचं रडणं खोटं नव्हतं, हे तिने पाहिलं.

तिथून परतताना कुणी तरी म्हणालं, “क्लोरीन म्हणजे आपला फिल्टर प्लांटमा शे तोच ना?”

आमोदखेडं तापीकाठचं, कोरीट गावाच्या पलीकडे. बंधाऱ्याच्या फुगवट्यातून पाणी उचलायचं, गावाबाहेरच्या प्लांटमध्ये गाळायचं, त्यात क्लोरीन सोडायचा आणि टाकीत चढवायचं, अशी गावाची योजना होती. क्लोरीनची वेगळी खोली होती आणि तिच्यात दोन पिवळी सिलिंडरं. त्या रात्री ग्रुपवर दोन फोटो शेजारी शेजारी आले. एकात वाळूत पडलेलं पिवळं पिंप, परदेशातलं. दुसऱ्यात आमोदखेड्याच्या प्लांटमधलं सिलिंडर, खिडकीच्या गजातून काढलेलं. खाली लिहिलं होतं, “तेच विष आपल्या गावात. जबाबदार कोण?”

सकाळी ममता प्लांटवर गेली. धनसिंग पावरा लिंबाच्या सावलीत बसला होता. तो धडगावकडचा आदिवासी, प्लांट झाल्यापासून तिथला ऑपरेटर. त्याचं बिऱ्हाड क्लोरीनच्या खोलीला लागूनच होतं, मध्ये एकच भिंत. आत त्याची बायको कमलीबाई गाठोडं बांधत होती. दोन्ही पोरं चपला घालून दारात बसली होती.

“कोठे चालनी कमलीबाई?”

“माहेरी.” कमलीबाई घरात पावरी बोलायची, गावातल्या लोकांशी शाळेतल्या पोरांकडून शिकलेलं मराठी. “मोबाइलमध्ये पाहिलं बाई मी.”

“ते लांबनं शे. आठे कोनी लढाई करी ऱ्हायना का?”

कमलीबाईने गाठ आवळली. “मागं ते नळकांडं गळलं होतं तेव्हा माझ्या कोंबड्या मेल्या. सगळ्या. माझा माणूस पंधरा-वीस दिवस खोकत होता. तेव्हा कोणी व्हिडिओ नाही काढला.”

ममताला ते आठवलं. व्हॉल्व्ह खराब झाला होता, दुसरा बसवला, विषय संपला होता. कोंबड्या मेल्याचं तिला तेव्हा कुणी सांगितलं होतं की नाही, हेही आता आठवेना.

धनसिंग उठून जवळ आला. “बाई, खरं सांगा. ते हेच शे का?”

तो कोणत्या उत्तराची वाट पाहतोय ते तिला कळत होतं. तिला खोटं बोलता आलं नाही. “गॅस तोच शे, धनसिंग. आपन पानीमा थोडा सोडतस, जंतू मारासाठे. त्यासनी लोकेसवर सोडा, असं म्हणतस.”

“म्हणजे हेच शे,” धनसिंग म्हणाला.

कमलीबाई पोरांना घेऊन धडगावच्या एसटीला गेली. धनसिंग तिला फाट्यापर्यंत पोचवून परत आला. पण त्या दिवशी त्याने क्लोरीनच्या खोलीचं कुलूप काढलं ते तोंडाला ओला पंचा बांधून, आणि आत गेला तसा लगेच बाहेर आला.

ममताने तालुक्याच्या पाणीपुरवठ्याच्या साहेबांना फोन लावला.

“मॅडम, क्लोरीनशिवाय ते पाणी पाजायचं नाही,” साहेब म्हणाले. “मे महिना आहे. बंधाऱ्यात पाणी हिरवं झालंय.”

“मग ग्रामसभेत येऊन तुम्हीच सांगा ना लोकांना. माझं कोण ऐकणार?”

“येतो की.”

ते आले नाहीत. जिल्ह्याला अचानक बैठक लागली, असा निरोप आला.

ग्रामसभा समाजमंदिरात भरली. एरवी कोरमसाठी माणसं घरून बोलवावी लागत, त्या दिवशी पायऱ्यांपर्यंत गर्दी होती. नवनीत शांतपणे बोलला. सिलिंडर फुटलं तर काय, एवढाच त्याचा प्रश्न होता. गावापासून प्लांट किती जवळ आहे ते साऱ्यांना माहीत होतं. वारा बहुतेक वेळा तिकडूनच गावाकडे येतो, हेही.

ममता उभी राहिली. “देखा, गॅस तोच शे, हाई खोटं नही. पन इतला वरीस आपन तेच पानी पी ऱ्हायनूत. त्यानामुळेच गावमा कावीळ नही, हगवण नही. गॅस काढा तं पानी कसं शुद्ध करानं, ते बी सांगा.”

“ब्लिचिंग पावडर शे ना,” मागून कुणी तरी म्हणालं. “पहिले पावडरच टाकेत.”

“आनि फुटना तं तुम्ही लिखी देतस का जबाबदारी?” दुसऱ्याने विचारलं.

ती काही बोलणार तेवढ्यात पुढे बसलेली धनुबाई बोलायला लागली. धनुबाई हेमकांतची चुलती, पोटी मूलबाळ नाही, कानाने थोडी कमी. तिला सभा कशाची आहे ते अर्धंच कळलं होतं. “त्या पोऱ्हे जगनात का मरनात?” तिने मोठ्याने विचारलं. “इतला दिन व्हयनात, ते कोनीच सांगत नही.”

मागे दोघं-तिघं हसले. नवनीत हसला नाही. “मरनात, आजी,” तो म्हणाला.

धनुबाईने पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने तिने नळ सकाळी उशिरा सोडत जा, म्हातारी माणसं लवकर उठत नाहीत, असंही सांगून घेतलं.

मग सिलिंडरं परत पाठवायला हात वर झाले. एवढे हात तिने कुठल्याच ठरावाला पाहिले नव्हते. नाही म्हणता आलं असतं. साहेब येईपर्यंत सभा तहकूब करते, असं म्हणता आलं असतं. कमलीबाईचं गाठोडं तिच्या डोळ्यांसमोर होतं, आणि माणसं घामाने निथळत तिच्याकडे बघत होती. तिने ग्रामसेवकाला सांगितलं, “लिखा ठराव.”

गुजरातकडून पुरवठादाराचा टेम्पो आला. सिलिंडरं चढवताना लोक नाकाला रुमाल लावून लांब उभे होते. पोरं फोटो काढत होती. टेम्पो फाट्याकडे वळल्यावर कुणी तरी टाळ्या वाजवल्या, पण बाकीच्यांनी साथ दिली नाही, तसा तोही थांबला.

धनसिंग पाण्यात पावडर टाकायला लागला. प्रमाण कमीजास्त होत असावं, दुसऱ्याच दिवशी पाण्याला वास यायला लागला. शेजारची गजराबाई हंडा घेऊन ममताच्या ओट्यावर आली. “वास येस, वहिनी. तेच शे हाई.”

“ते नही, गजराबाई. पावडर शे.”

“पावडरना पोतावर बी तेच नाव शे. नवनीतनी वाची दाखाडं.”

ते खरंच होतं. पोत्यावर क्लोरीन असं लिहिलेलं होतंच. पावडर त्याचीच असते. त्या पोत्याचाही फोटो ग्रुपवर फिरला. बायांनी भरलेले हंडे पंचायतीसमोर आणून ओतले. ममता तेव्हा नंदुरबारला होती, पंचायत समितीच्या बैठकीत. परतली तेव्हा पंचायतीसमोर चिखल होता आणि त्यात गाढवं उभी होती.

ती जेवायला बसली होती तेव्हा धनसिंगचा फोन आला. “बाई, दोन-तीन पोरं आठे उभा शेतस. पावडर टाकू देत नही. पोतं उचली लई जासूत म्हणतस.”

“कोन पोरं?”

त्याने नावं सांगितली. नवनीतच्या दुकानाच्या पायरीवर बसणारीच होती. ममताने ताटाकडे पाहिलं. तिला पुन्हा पायात चपला घालून तिकडे जायचं होतं, त्या पोरांना समजावायचं होतं, मग त्यांच्या बापांना, मग ग्रुपवर लिहायचं होतं, आणि लिहिलेल्याला येणारी उत्तरं वाचायची होती. ती सगळी वाट तिला ताटावर बसल्या बसल्या दिसली.

“ऱ्हाऊ दे मंग,” ती म्हणाली. “चार दिन ऱ्हाऊ दे. थंड व्हई जाई बठं, मंग चालू कर.”

धनसिंगने बरं म्हटलं. ती जेवली.

चार दिवसांनी कुणी काही थंड झालं नव्हतं, पण कुणाची तक्रारही नव्हती. पाण्याला वास नव्हता. पाणी गोड लागतं, बोअरच्या पाण्यासारखं, असं लोक सांगू लागले. वाटेत भेटलेली एक सून थांबून म्हणाली, “वहिनी, हाई काम चांगलं करं तुम्ही.” चार वर्षांत असं कुणी म्हटल्याचं ममताला आठवत नव्हतं. तिला बरं वाटलं. पावडर उद्या चालू करू, असं ती रोज मनात म्हणायची आणि रोज दुसरं काही निघायचं. आठवडा गेला, मग दुसराही सरत आला.

खालच्या गल्लीत आधी दोन घरी हगवण लागली. तिकडे लग्न झालं होतं, त्यामुळे सगळे म्हणाले, लग्नातला मठ्ठा बाधला. मग लग्नाला न गेलेल्यांनाही लागली. ममताने बातमी ऐकली तशी ती उठली, प्लांटवर गेली, आणि स्वतः उभी राहून धनसिंगला पावडर टाकायला लावली. आता अडवायला कुणी आलं नाही. पण टाकीत होतं ते पाणी घराघरांत गेलेलंच होतं. प्राथमिक आरोग्य केंद्र भरलं, तेव्हा आजाऱ्यांना नंदुरबारला न्यावं लागलं.

तिथेही खाटा पुरल्या नाहीत. वॉर्डात फरशीवर गाद्या टाकल्या होत्या आणि आमोदखेड्याचे लोक ओळीने पडले होते. खिडकीच्या गजांना दोरीने सलाइनच्या बाटल्या बांधल्या होत्या. ममता प्रत्येकाजवळ वाकून विचारत गेली. शेवटच्या गादीवर काजल होती. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. नवनीत तिच्या उशाशी बसून तिचा सुई टोचलेला हात धरून होता, तिने ओढू नये म्हणून.

“कशी शे आते?”

“डॉक्टर म्हणतस, रातले बरं वाटी.” मग तो म्हणाला, “वहिनी, पावडर तं चालू व्हती ना?”

“नही.”

त्याने वर पाहिलं.

“मीच बंद कराले सांगं,” ममता म्हणाली. “पोरं आडवा उभा व्हतात. मी म्हटलं, चार दिन ऱ्हाऊ दे.”

“मी नही धाडं त्यासले.”

“म्हाईत शे.”

काजलने हात हलवला. त्याने तो पुन्हा धरला. नर्स आली, बाटली बदलून गेली. “मी पोत्यावरलं नाव वाचं,” नवनीत हळू आवाजात म्हणाला, जणू काजलला ऐकू जाऊ नये. “दुकानमा रोज इतली पोती वाचस. ती जंतू मारासाठे शे, हाई मन्हा बी ध्यानमा नही उनं.”

काजल वाचली. धनुबाई वाचली नाही. ती दवाखान्यात जायलाच तयार नव्हती. ममता तिच्याकडे बसून चमच्याने साखरमिठाचं पाणी पाजत होती. धनुबाई अर्धं गिळायची, अर्धं ओठांवरून गळायचं. मध्येच तिने ममताला ममताच्या सासूच्या नावाने हाक मारली, शेळी बांधली का म्हणून विचारलं. ममताने बांधली म्हणून सांगितलं. पहाटे केव्हा तरी चमचा तोंडाशी नेला तर ओठ उघडले नाहीत.

अंत्यविधीला फारसे लोक नव्हते. निम्मं गाव दवाखान्यात होतं.

आरोग्य खात्याने कमिटी बसवली, तिची माणसं आली, पाण्याचे नमुने घेऊन गेली. अहवाल आला: पाणी पिण्यास अयोग्य. ग्रामसेवकाने तो ग्रुपवर टाकला. खाली लोक लिहीत गेले. कुणी म्हणालं, नमुना आपल्या टाकीचाच कशावरून. कुणी खरबुजांवर संशय घेतला, ऊन किती पडलंय ते बघा म्हणालं. मठ्ठा होताच. धनुबाईचं वय झालं होतं, असंही एकाने लिहिलं, आणि त्याला बऱ्याच जणांनी हात जोडल्याचं चिन्ह दिलं. हेमकांत ते वाचत पडवीत बसला होता. त्याने तो पहिला व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाकायचा प्रयत्न केला, पण इतके दिवस झाल्यावर तो सगळ्यांच्या फोनमधून निघेना. फक्त त्याच्याच फोनमधून निघाला.

पुढच्या ग्रामसभेला गर्दी नव्हती. सिलिंडरं परत आणायचा ठराव होता. सही करायच्या आधी ममता उभी राहिली.

“एक सांगानं शे. पावडर बंद करानं मी सांगं व्हतं. धनसिंगनी नही, ग्रामसेवकनी नही. फोनवर मी सांगं. माले कंटाळा उंथा.”

कुणी तरी ओरडेल, राजीनामा मागेल, असं तिला वाटलं होतं; थोडी त्याचीच वाट होती. माणसं एकमेकांकडे बघत नव्हती. तिचं खरं धरलं तर हंडे कुणी ओतले, पोरांना कुणी अडवलं नाही, हेही निघालं असतं. गुरुजी खाकरले. मग मागून एक आवाज आला, “जाऊ द्या ना, वहिनी. व्हयनं ते व्हयनं.” नवनीत उठून काही म्हणणार असं वाटलं. तो उठला, आणि म्हणाला, “ठराव मंजूर करा.” हात वर झाले, थोडेसेच, पण पुरेसे.

सिलिंडरं आली. ती लावायला धनसिंग मात्र नव्हता. धनुबाईच्या दहाव्यानंतर तो बायकोकडे गेला होता आणि फोन उचलत नव्हता. तात्पुरता एक माणूस मिळाला, तोही खोलीत जायला घाबरत होता. रविवारी ममता हेमकांतच्या मोटारसायकलवर मागे बसून धडगावच्या बाजूला गेली. घाटात गाडी गरम झाली, तेव्हा ते एका सागाखाली थांबले.

“त्या सुदानवर अमेरिकानी काहीतरी बंदी घाली,” हेमकांत म्हणाला. “तठला सरकारनी कमिटी बसाडी. खरं-खोटं तपासाले.”

“कमिटी आपलाकडे बी बसनी व्हती,” ममता म्हणाली. “काय निंघनं?”

हेमकांतने इंजिनावर हात धरून पाहिला. “तो व्हिडिओ माले टाकाले नको व्हता.”

टाकला नसता तर दुसऱ्या कुणी टाकला असता, असं तिला म्हणता आलं असतं. ते खरंही होतं, पण त्याने काही हलकं होणार नव्हतं.

कमलीबाईच्या माहेरी अंगणात मोहाच्या झाडाखाली त्यांना खाट टाकून दिली. धनसिंग समोर उकिडवा बसला. तो यायला तयार होता. कमलीबाई नव्हती.

“त्याला न्या,” ती म्हणाली. “मी पोरांना घेऊन त्या भिंतीला टेकून नाही झोपणार.”

“मी भिंत जाड करी लेस,” ममता म्हणाली.

“गॅसला भिंत काय करते बाई? दारातून येतो तो.”

ममताने हे विचारायला हवं होतं कधीतरी, पहिल्या वर्षीच. माणसाचं बिऱ्हाड त्या खोलीला चिकटवून कुणी बांधलं, आणि तिच्यासकट एकाही सरपंचाने तिथे उभं राहून ते बघितलं कसं नाही. तिने हेमकांतकडे पाहिलं. धनुबाईच्या दोन खोल्या आता त्याच्या नावावर यायच्या होत्या. गावातच, त्यांच्याच गल्लीत.

“मोठी मायना घरमा ऱ्हातीन या,” ती त्याला म्हणाली.

हेमकांत जरा थांबला. तो कशाला थांबला ते तिथल्या सगळ्यांना कळलं. गुजर-पाटलांच्या गल्लीत पावऱ्यांचं बिऱ्हाड आजवर राहिलेलं नव्हतं.

“गल्लीमा लोके…” त्याने सुरुवात केली.

“लोके काय म्हणतस ते मी चार वरीसपासून ऐकी ऱ्हायनू,” ममता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “आखो थोडं ऐकसू.”

कमलीबाईने दोघांचं बोलणं निमूट ऐकलं. मग विचारलं, “कोंबड्या चालतील का तिथं?”

आठवड्याने ते आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामान थोडंच होतं. गजराबाई समोरच्या ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. ट्रॉली थांबली तशी ती सूप घेऊन उठली आणि ममताजवळ आली.

“वहिनी, आपली गल्लीमा?”

“मंग तू जाशी का तठे, क्लोरीनना खोलीजवळ ऱ्हावाले?”

गजराबाई वळली. घरात गेली आणि दार लावून घेतलं. दाराचा आवाज कमलीबाईनेही ऐकला. ममताला तिला काही समजावून सांगावंसं वाटलं, पण कमलीबाईच्या चेहऱ्यावर असं काही नव्हतं की जे तिने याआधी कधी पाहिलं नसेल.

धनसिंग प्लांटवर गेला होता. खाट दारातून सरळ जाईना, तेव्हा दोघींनी ती आडवी धरली आणि एक-एक पाय वळवत आत घेतली. ममताच्या कंबरेत कळ आली. ती खाटेवरच टेकली. कमलीबाईने खिडकी उघडून बघितली, भिंतींवरून हात फिरवला, वरच्या पत्र्याकडे पाहिलं.

“दुपारी तापेल हे,” ती म्हणाली.

“तापस,” ममता म्हणाली. “मोठी माय बी तेच म्हणे.”

“चूल कुठं मांडू?”

ममताने कोपरा दाखवला. धूर बाहेर जायला तिथे जाळी होती. कमलीबाईने तो कोपरा झाडायला घेतला. ममताच्या पिशवीत फोन वाजत होता. वरच्या गल्लीतला दिव्याचा खांब वाकल्याचं सकाळपासून कुणी सांगत होतं. तिने तो वाजू दिला. थोडा वेळ ती तशीच बसून राहिली, मग उठून दुसरा झाडू आहे का ते शोधू लागली.